तिसरा दिवा

मन्मथ, तुला बसवलं तेव्हा मी बायकांच्या मागं भिंतीला टेकून उभी होते. तुमच्यात माणसाला जाळत नाहीत, आडवंही करत नाहीत, हे ऐकून माहीत होतं. पाहिलं मात्र तुझ्याच वेळी. मांडी घातलेली, पाठ ताठ, तळहातावर इष्टलिंग, कपाळभर विभूती. खड्ड्यात उतरलेल्या तुझ्या चुलतभावानं तुझी मान सरळ केली तर ती पुन्हा डावीकडे कलली. एखादा आवाज ओळखायचा असला की तू मान अशीच धरायचास. वरून माती पडत होती आणि मला सारखं वाटत होतं, हा ऐकतोय. अजूनही तसंच वाटतं, म्हणून हे लिहायला बसले. यावेळी माझं बोलणं अर्ध्यावर सोडून तुला चहाला उठता येणार नाही, एवढी एक सोय झाली आहे.

लोकांना मी तुझी ओळख भागीदार म्हणून करून द्यायची, कारण दुसरा शब्द सापडत नव्हता. उदगीरच्या दाळमिलवाल्याचा मुलगा आणि नांदेडच्या मास्तरांची मुलगी. विष्णुपुरीच्या कॉलेजात एका वर्गात शिकलो, मग नोकऱ्या करून कंटाळलो आणि त्याच विष्णुपुरीत एका घराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. काम काय, तर आकाशातलं ड्रोन आवाजावरून ओळखायचं आणि ते नको असलेलं असेल तर त्याचा संपर्क तोडून खाली आणायचं. सरकारला असं यंत्र हवं होतं, आपल्याला सरकारचा निधी हवा होता. माझी आई हे सगळं लग्नाच्या शूटिंगचं काहीतरी आहे असंच समजत होती. तू तिला दरवेळी गंभीर चेहऱ्यानं विचारायचास, “काकू, तुमच्याकडं लगीन कवा हाय?”

पण तू या कामात पडलास तो उमरीकडच्या त्या माणसामुळं. आठवतं ना, त्या हंगामात गावोगाव अफवा उठली होती, की चोर आधी ड्रोन सोडून घरं हेरतात. आकाशात दिवा दिसला की माणसं काठ्या घेऊन बाहेर पडायची. त्यात एक चादरी विकणारा परमुलखातला माणूस सापडला. त्याच्या पिशवीत पोरांच्या बॅटरीवर फिरणाऱ्या भिंगऱ्या होत्या. तेवढं पुरलं. तू त्याला दवाखान्यात बघून आलास. मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणालास, “लई मारलं बाई त्याला. कोण हायस म्हणून कुणी विचारलंच न्हाई.” पुढं आपल्यात जे भांडण झालं त्याचं मूळ या वाक्यात होतं, हे मला फार उशिरा कळलं.

यंत्राला तू दोन दिवे लावलेस. हिरवा आणि लाल. सरकारी कागदात त्यांची इंग्रजी नावं होती, मित्र आणि शत्रू अशा अर्थाची. तू म्हणालास, धरणावरचा पहारेकरी हे वाचत बसणार का, आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर आपल्या गिचमिड अक्षरात लिहून टाकलंस: हिरव्याखाली ‘आपलं’, लालखाली ‘परकं’. मग आपण आवाज गोळा करत हिंडलो. पिठाची गिरणी, जेसीबी, शेतातल्या मोटारी, वरातीचा जनरेटर, धरणाच्या पुलाखालचं आग्या मोहोळ. मोहोळाजवळ तू माइक घेऊन इतका पुढं गेलास की मी गाडीच्या काचा वर करून घेतल्या होत्या. सगळे आवाज यंत्राला ऐकवायचे आणि सांगायचं, हे आपलं, याला घाबरू नकोस.

राहिला ड्रोनचाच आवाज. ड्रोन उडवायची परवानगी काही येईना, आणि पहिल्या सादरीकरणाची वेळ तर आली. अशा वेळी माणूस दुसऱ्या शहरात जाऊन रेकॉर्डिंग करून आणेल. तू काय केलंस, माइकसमोर मांडी घालून बसलास, डोळे मिटलेस आणि तोंड बंद ठेवून घुमायला लागलास. छातीतून निघणारा, एकसुरी, न थांबणारा तो आवाज. मी जिना चढून आले तर मला खरंच वाटलं की वर काहीतरी उडतंय. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, सरकारला आपण माणसाच्या घुमण्यावरून ड्रोन ओळखणारं यंत्र विकणार आहोत का? तू म्हणालास, “मिलमधी वाढलोय बाई मी. मोटर कशी घुमती ते माझ्या छातीत हाय.”

ते खरंच होतं. सोल्डरिंग करताना तर तुला पत्ताही नसायचा, तू घुमतच असायचास. एकदा मला शिकवायचाही प्रयत्न केलास. माझ्या घशातून फुटक्या पिपाणीसारखं काहीतरी निघालं आणि तू हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलास. मास्तरांच्या घरची नरडी बाराखडीसाठीच असतात, असं तू जाहीर केलंस. अव्वांना, तुझ्या आईला, मात्र तुझी ती सवय आवडत नसे. जेवताना तू घुमायला लागलास की त्या डोळे वटारायच्या. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या होत्या, “घुमू नको रे. लोक म्हणतील, पोराच्या अंगात कोण आलंय.”

पुढं खऱ्या ड्रोनचे आवाज मिळाले. मी म्हटलं, आता तुझं ते घुमणं काढून टाक. तू ते काढलं नाहीस, फक्त एका ढिगातून उचलून दुसऱ्यात ठेवलंस, ‘आपलं’च्या. मी विचारलं हे कशाला, तर म्हणालास, “मी काय परका हाव का?” मी वाद घातला नाही. यंत्र त्यामुळं बिघडत नव्हतं, आणि तुझ्याशी कुठल्या गोष्टीवर भांडायचं हे मी तोवर शिकले होते.

अव्वांच्या दाराबद्दल मला इथं लिहिलंच पाहिजे. उदगीरच्या तुमच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा कुणीतरी कडी वाजवली. अव्वा चुलीपासून न उठता ओरडल्या, “कोण हाय?” उत्तर कुणी दिलं नाही. शेजारची बाई सरळ आत येऊन पाटावर बसली. थोड्या वेळानं पुन्हा कडी, पुन्हा “कोण हाय?”, आणि यावेळी मिलमधला हमाल आत. मला गंमत वाटली. आमच्या नांदेडच्या घरी आधी खिडकीतून बघतात, मग नाव विचारतात, मग काम. तू मला नंतर समजावून सांगितलंस की तुमच्याकडं ‘कोण हाय’ हा प्रश्न नसतोच, ती ‘ये’ म्हणायची रीत आहे. ज्याच्या मनात पाप असतं तो त्या आवाजानं दारातच अडखळतो.

आणि हे तू पुण्यात, निधी देणाऱ्या समितीसमोर काढलंस. सगळं छान चाललं होतं. अध्यक्ष लष्करातून निवृत्त झालेले, शांत, मराठी जाणणारे गृहस्थ होते. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला की यंत्राला अजिबात न ओळखता येणारा आवाज आला तर ते काय करणार. उत्तर आपण घोकून गेलो होतो: अनोळखी ते परकं, दिवा लाल, लगेच कारवाई. अटीतच तसं होतं. मी तोंड उघडणार तोच तू म्हणालास, “साहेब, तिसरा दिवा पाहिजे. पिवळा. त्याच्याखाली लिहायचं, कोण हाय.” अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि अंतिम चाचणीच्या आधी यंत्र अटींप्रमाणं करून आणा, माणसाचे आवाज नमुन्यातून काढा, असं सांगून आपल्याला निरोप दिला.

पुण्याहून परतताना सोलापूर मागं पडलं तसं मी तोंड सोडलं. गाडी मीच चालवत होते. काय काय बोलले ते तुझ्याइतकंच मला आठवतं. की हे तुझ्या अव्वाचं दार नाही, सीमेवरचं आकाश आहे. की तिथं विचारत बसलं तर विचारणारा मरतो. हा निधी नाही मिळाला तर खोली सोडावी लागेल आणि इतक्या वर्षांचं काम भंगारात जाईल. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास की सीमेवर ठेवा तसं, पण हे यंत्र उद्या उमरीच्या चावडीवरही लागणार आहे, आणि तिथं लाल दिवा लागला की माणसं काठ्या काढणार आहेत. मी म्हटलं, ते आपलं काम नाही. तू म्हणालास, मग कुणाचं? मन्मथ, मला अजूनही वाटतं की तू अर्धा चुकत होतास. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते मला तेव्हाही कळत नव्हतं.

लातूरला तू उदगीरच्या गाडीसाठी उतरलास. मी म्हटलं, विचार करून सांगते. तू खिडकीत वाकून म्हणालास, “कर विचार. मी घुमत बसतो तवर.” त्यानंतर तुझा फोन आला नाही, तुझ्या चुलतभावाचा आला. तू मिलमधे खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास. मोटर चालू होती म्हणून कुणाला कळलंच नाही. तू घुमतोयस असंच सगळ्यांना वाटत राहिलं.

उदगीरहून परतल्यावर मी गच्चीवरच्या खोलीत गेले. ऊन नुसतं भाजत होतं. भर बाराची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही, धरणाकडून वाराही नाही. या वेळेला आमच्या आजोळी पोरांना लिंबाखाली जाऊ देत नसत. मी तुझी खुर्ची बाजूला सरकवली आणि यंत्र चालू केलं. थोड्या वेळानं हिरवा दिवा लागला. ‘आपलं’. मी बाहेर येऊन पाहिलं. आकाश स्वच्छ, रस्त्यावर गाडी नाही, गिरणी बंद. आत आले तर दिवा तसाच. मग आपोआप विझला.

मी घाबरट नाही, हे तू कबूल करशील. मी वायरी तपासल्या, मोहोळ उठलंय का बघून आले, विजेच्या तारांचा आवाज मोजला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा हिरवा. मग एक एक माइक काढून पाहिला. आवाज टिपत होता तो एकच माइक, भिंतीकडचा, ज्याच्यासमोर तू मांडी घालून बसायचास. मी त्या जागेकडं बघत उभी राहिले. फरशीवर धूळ साचली होती, आणि तुझ्या बसण्याच्या जागेवर नव्हती. वाऱ्यानं गेली असेल. पण वारा नव्हता, हे मी वर लिहिलंच आहे.

एवढ्यात चाचणीची तारीख आली. आता तुझ्याजवळ लपवून काय करायचं? मी तुझं घुमणं काढून टाकलं. अट होती, आणि रिकाम्या आकाशाला आपलं म्हणणारं यंत्र घेऊन मी समितीसमोर उभी राहू शकत नव्हते. काढणं म्हणजे काय, एक बटण. आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं आणि मग काढलं. त्या दुपारी बारा वाजता मी खोलीतच बसून होते. दिवा लागला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मी तुझ्या खुर्चीवर डोकं टेकून रडले, आणि नंतर तुझ्यावरच चिडले, कारण जाताना तू मला एकटीला हे सगळं ठरवायला ठेवून गेलास.

चाचणी गोदावरीकाठच्या माळावर झाली. अध्यक्ष होते, त्यांच्याबरोबर दोघं अधिकारी. लाल दिवा लागला की यंत्र चालवणाऱ्यानं ताबडतोब बटण दाबायचं, थांबायचं नाही, असा नियम होता. त्यांनी त्यांची ड्रोन उडवली, यंत्रानं ओळखली, मी बटण दाबलं, ती उतरली. एकदाही चूक नाही. अध्यक्ष मान हलवत होते. तू असतास तर मला कोपरानं ढोसलं असतंस. शेवटी त्यांनी सगळी ड्रोन टेबलावर आणून ठेवली, बॅटऱ्या काढल्या, आणि एक अधिकारी पाण्याची बाटली उघडायला लागला. माथ्यावर ऊन होतं.

तेव्हा लाल दिवा लागला.

सगळ्यांनी वर पाहिलं. आकाशात घारही नव्हती. एकानं टेबलावरची ड्रोन पुन्हा मोजल्यासारखी केली. अध्यक्ष डोळ्यांवर हात धरून चहूकडं बघत राहिले आणि मग हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, लाल आहे. दाबा.” माझं बोट बटणावर होतं. दिव्याखाली तुझ्या अक्षरात ‘परकं’ लिहिलेलं होतं. आणि मला माहीत होतं की या यंत्रातून मी फक्त एकाच माणसाला काढलं आहे. दाबलं असतं तर निधी आपला होता. बोट खाली जाईना. आणि मी न ठरवता, मान वर करून, अव्वा चुलीपासून ओरडतात तशी ओरडले, “कोण हाय?”

कुणी हसलं नाही. दिवा क्षणभर तसाच राहिला आणि विझला. बाटली उघडलेला अधिकारी पाणी न पिताच उभा होता. अध्यक्षांनी विचारलं, शत्रू कधी नाव सांगतो का? मी म्हटलं, नाही सांगत साहेब, पण आपला असेल तर विचारल्याशिवाय कळणार कसं? हे तुझं म्हणणं होतं. माझ्या तोंडून निघालं तेव्हा मलाही ते बरोबर वाटलं.

घरी येऊन मी त्या वेळचं रेकॉर्डिंग ऐकलं. माळावर सकाळपासून वारा होता, नदीकडचे पक्षी होते, अधिकाऱ्यांचे बूट वाजत होते. लाल दिवा लागला त्या क्षणापासून त्यात काहीही नाही. वारा नाही, पक्षी नाहीत, “मॅडम, दाबा” हेसुद्धा नाही. मग माझा आवाज येतो, अगदी स्वच्छ, “कोण हाय?” आणि त्यानंतर पुन्हा वारा सुरू होतो. माइक बंद पडले असते तर माझाही आवाज आला नसता. मी ते एकदाच ऐकलं.

समितीनं कळवलं की यंत्र उत्तम आहे, चालवणारी कचरली. एक फेरचाचणी मिळेल, तिच्यात अनोळखी आवाजावर कारवाई झालीच पाहिजे. ते पत्र वाचून मी गाडी काढली आणि उदगीरला आले. तुझी माती अजून बसली नव्हती. वर बेलाची पानं सुकून गेली होती. मी तुझ्याशी बोलणार होते, पण तोंडातून काही निघेना, म्हणून घरी अव्वांकडं गेले. कडी वाजवली. आतून आवाज आला, “कोण हाय?” आणि मी, मास्तरांची मुलगी, नाव न सांगता आत जाऊन पाटावर बसले.

अव्वांना यंत्रातलं काही कळत नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं, की दिवा हिरवा लागायचा, मग मी तुझं घुमणं काढलं, मग माळावर लाल लागला. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला.

“मग? हाकललंस त्याला?”

“न्हाई अव्वा. कोण हाय म्हणून विचारलं.”

“काय बोलला?”

“काही नाही. दिवा विझला.”

अव्वांनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर मला रडू दिसेल असं वाटलं होतं, ते दिसलं नाही. उलट गाडी चुकलेला मुलगा शेवटी घरी पोचला हे ऐकल्यावर बाई जशी निवांत होते, तशा त्या दिसल्या.

“मग आत आला आसंल,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा निवडायला लागल्या.

मन्मथ, मी फेरचाचणीसाठी नवा प्रस्ताव लिहिला आहे. तिसऱ्या दिव्यासकट. अनोळखी आवाजाला यंत्र आधी विचारणार, थोडं थांबणार, मगच लाल होणार. सीमेवर ती सोय बंद ठेवता येईल, चावडीवर येणार नाही. म्हणजे तुझं अर्धं आणि माझं अर्धं. समिती कदाचित पहिल्याच पानावर हे फेटाळेल आणि खोली सोडावी लागेल. मग यंत्र तुमच्या मिलमधे आणून ठेवीन, अव्वांनी जागा दाखवून ठेवली आहे. तुझं घुमणं मी पुन्हा ‘आपलं’मधे टाकलं. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

काल दुपारी पिवळा दिवा बसवत होते. खाली चिकटपट्टी लावली, माझ्या अक्षरात, वळणदार, तुला आवडलं नसतं. दोन टाके उरले होते. मान डावीकडे कलती करून मी सोल्डरिंग करत होते आणि समोरचा हिरवा दिवा लागला. मी उठून बाहेर पाहिलं नाही, आकाश रिकामंच असणार हे ठाऊक होतं. भिंतीकडच्या तुझ्या जागेकडं पाहिलं, तिथं कुणी नव्हतं. दिवा विझेना. मग मला छातीत काहीतरी थरथरतंय असं जाणवलं, आणि कळलं की घुमतेय ती मीच आहे. खालचा, एकसुरी, मिलच्या मोटरचा सूर.

तुला माहीत आहे, मला तो कधीच जमला नव्हता.